गिरणीगावची दुकाने : स्कॉटलंडमधील लॉखी

इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की किल्ला, तह, गादी आणि तलवार यांची अपेक्षा असते, आणि ती चुकीची नाही. परंतु ज्यांचे पोट हातावर आहे त्यांचा इतिहास बहुधा अशा जागी लिहिला जातो, की जेथे इतिहासकाराची पावले क्वचितच वळतात. गिरणीचे फाटक ही एक जागा झाली. दुसरी जागा म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाची फळी. फाटकावर मजुरी किती ठरली हे कळते. त्या मजुरीची खरी किंमत काय, हे फळीवर कळते. आम्ही कामगार संघटनेत आजवरची उमेदीची वर्षे घालवली, ग्रंथांशी ओळख रात्रीच्या वेळी आणि स्वतःच्या हिमतीवर करून घेतली; म्हणून आमची नजर फळीकडे आधी जाते, याबद्दल आपण आम्हांस क्षमा कराल.

आज ज्या गावाविषयी बोलायचे ते फार दूरचे आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदीच्या मुखाशी डंडी नावाचे शहर आहे, आणि त्या शहराच्या अंगाला चिकटलेले लॉखी नावाचे गिरणीगाव आहे. या गावात वाढलेल्या म्हाताऱ्या माणसांना बोलते केले की ती दुकानांविषयी बोलतात. १९८० च्या दशकात डंडीतील वृद्ध गिरणीकामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे मोठे काम झाले. अशा आठवणींत बरणीतल्या गोळ्या असतात, भट्टीतल्या पावाचा वास असतो, नावाने हाक मारणारा दुकानदार असतो. ऐकणाऱ्यालाही ते गोड लागते. पण या गोडव्याच्या मागे एक वही आहे. बरणी आणि वही एकाच दुकानात, एकाच फळीवर होती. दोन्ही एकदम पाहिल्या तरच त्या बालपणाचा खरा अर्थ लागतो, एवढेच आज आम्हांस सांगायचे आहे.

आधी गावाची ओळख करून घेऊ. लॉखी हे मूळचे हातमाग चालवणाऱ्या विणकरांचे खेडे. तेथे कॉक्स बंधूंनी कॅम्परडाउन वर्क्स ही तागाची गिरणी वाढवली. भरभराटीच्या काळात तेथे सुमारे ५,००० माणसे कामाला होती आणि तागाचा जगातील सर्वांत मोठा कारखाना म्हणून तिचा लौकिक होता. १८६५-६६ साली बांधलेले तिचे सुमारे २८२ फूट उंचीचे धुराडे आजही उभे आहे. आयर्लंडमधून आलेली इतकी कुटुंबे लॉखीत स्थायिक झाली, की तेथील एका आयरिश परगण्याच्या नावावरून लोक या वस्तीला ‘छोटे टिपरेरी’ म्हणू लागले.

हा ताग मात्र स्कॉटलंडच्या मातीतला नव्हे. तो आपल्या बंगालचा. डंडीत पूर्वी अळशीच्या धाग्याचे जाड कापड विणले जाई. व्हेल माशाची शिकार करणारी जहाजेही याच बंदरातून निघत. बंगालचा चिवट, कोरडा ताग व्हेलच्या तेलाने आणि पाण्याने मऊ केला की यंत्रावर कातता येतो, हे ध्यानात आले आणि १८३० च्या दशकापासून शहराचे रूप पालटले. जगातले धान्य, साखर, कॉफी, कापूस ज्या गोण्यांतून फिरे त्या गोण्या आणि त्यांचे कापड डंडी पुरवू लागली. लॉखीतल्या दुकानात पिठाची गोणी ज्या तागाची, तोच ताग त्या दुकानात पीठ घेण्यास आलेल्या बाईने दिवसभर विणलेला असे.

बाईने, असे आम्ही मुद्दाम म्हणालो. डंडीच्या ताग गिरण्यांत तीन कामगारांमागे दोनांहून अधिक स्त्रिया असत, कारण त्यांना मजुरी कमी द्यावी लागे. पोऱ्या म्हणून कामाला घेतलेला मुलगा अठरा वर्षांचा होऊन पुरुषाची मजुरी मागू लागला की त्याला घरी बसवावे, असा रिवाज पडला होता. अशा बेकार पुरुषांना डंडीत ‘चहाची किटली उकळणारे’ असे नाव पडले. बायको गिरणीत आणि नवरा चुलीपाशी. हे नाव विनोदाने घेतले जाई, परंतु त्या विनोदाखाली किती जणांचा स्वाभिमान जळला असेल, याची कल्पना आपल्याकडील बंद गिरण्यांच्या कामगारांना चांगली येईल.

आई गिरणीत गेली की घरात स्वयंपाकाला वेळ उरत नाही. म्हणून डंडीच्या कामगारवस्तीत तयार अन्न विकणारी दुकाने महत्त्वाची ठरली. पाव, मुरंबा आणि चहा हे तर रोजचेच. त्याखेरीज आत खिमा भरून भट्टीत भाजलेली, आपण कचोरी म्हणू अशी ‘पाय’. डंडीच्या बोलीत तिला ‘पेह’ म्हणतात. शहराच्या ग्रीनमार्केटमध्ये तंबूवजा ठेल्यांवर तळलेले बटाटे आणि उकडलेले वाटाणे व्हिनेगर घालून मिळत. त्या बशीला ‘बस्टर’ म्हणत. आज ज्यांना त्या बशीची आठवण येते त्यांना थंडीच्या संध्याकाळची ऊब आठवते. पण दहा तास मागावर उभे राहून आलेल्या बाईला घरी चूल पेटवण्याचे त्राण उरत नसे, म्हणूनही ती बशी चाले. १९०५ साली डंडी सोशल युनियन या संस्थेने घरे, रोजगार आणि शाळकरी मुलांची प्रकृती यांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला. मेरी लिली वॉकर या बाईंचा त्या कामात मोठा वाटा होता. एकाच खोलीत राहणारी कुटुंबे, खुरटलेली मुले आणि लवकर दगावणारी तान्ही बाळे, हे त्या अहवालाने शहरापुढे मांडले.

आता मुलांकडे वळू. स्कॉटलंडमध्ये बाजारहाटाला ‘मेसेजेस’ म्हणतात. ‘मेसेजेसला जा’ म्हणजे निरोप घेऊन जा असे नव्हे. पिशवी घेऊन वाणसामान आण. हे काम मुलांचे. दुकान बहुधा चाळीच्याच तळमजल्यावर असे, कारण तेथील तीन-चार मजली दगडी इमारतींत वर बिऱ्हाडे आणि खाली गाळे अशी रचना होती. लोणी मोठ्या गोळ्यातून लाकडी फळ्यांनी थापून देत, साखर जाड कागदाच्या पुड्यांत बांधत, चहा पत्र्याच्या डब्यातून तोलून देत. बारा पेन्सांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, असा हिशेब त्या मुलाला तोंडी करावा लागे. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी तिकडे दशमान नाणी सुरू झाली आणि तो हिशेब संपला. ज्यांना आपल्याकडच्या सोळा आण्यांचा रुपया आठवतो, त्यांना त्या मुलाची कसरत वेगळी समजावून सांगायला नको.

आणि मग गोळ्या. जिभेला झिणझिण्या आणणाऱ्या आंबट हिरव्या ‘सूर प्लूम्स’, बडीशेपेच्या वासाच्या लहान गोळ्या, आणि ‘लकी टॅटी’ नावाची दालचिनीची पूड लावलेली चपटी मिठाई, जिच्या पोटात एखादी खेळण्यातली वस्तू लपवलेली असे. एका पेनीत काय काय घ्यावे याचा विचार करीत मूल काचेपुढे उभे राही. दुसऱ्या महायुद्धात, जुलै १९४२ पासून, गोळ्याबिस्किटांपैकी गोळ्या व चॉकलेट यांवरही शिधापत्रिका आली. वाटा अधूनमधून बदले. पुष्कळ काळ तो दर डोई आठवड्याला तीन औंस, म्हणजे सुमारे ८५ ग्रॅम होता. एप्रिल १९४९ मध्ये बंधन उठवले, तर मागणी इतकी उसळली की ऑगस्टमध्ये ते पुन्हा घालावे लागले. अखेर ५ फेब्रुवारी १९५३ रोजी ते कायमचे उठले, आणि ब्रिटनभर मुलांनी दुकानांपुढे गर्दी केली. त्या पिढीच्या बरणीवरील प्रेमाचे मूळ या दहा वर्षांच्या उपासात आहे. जे मोजून मिळते त्याची चव विसरत नाही.

आता वहीकडे येऊ. उधारीला तिकडे ‘टिक’ म्हणतात. मजुरी आठवड्याच्या अखेरीस हाती पडे आणि बुधवार-गुरुवारपर्यंत संपे. मग मुलाला पाठवायचे : ‘आई शनिवारी देईल म्हणून सांग.’ आईने स्वतः न जाता मुलाला पाठवण्याचे कारण उघड आहे. मुलाला नकार देणे दुकानदाराला जड जाते, आणि मिळालाच नकार तर तो आईच्या तोंडावर येत नाही. आमच्या लहानपणी परळ-लालबागेत आम्हीही अशीच लांबट लाल वही घेऊन फळीपुढे उभे राहिलो आहोत. मागे माणसे उभी असताना ‘लिहून ठेवा’ हे दोन शब्द किती हळू म्हणता येतात, हे आम्हांस ठाऊक आहे. लॉखीच्या मुलांना ते ठाऊक होते.

उधारीच्या पलीकडे गहाणवटीचे दुकान होते. रविवारचा चांगला पोशाख सोमवारी गहाण पडे आणि शनिवारी मजुरी झाली की सुटून येई. पुन्हा सोमवारी तीच वाट. आणि या दोहोंतून वाट काढण्यासाठी बायकांनीच चालवलेली ‘मेनॉज’ होती. गल्लीतील दहा-वीस जणींनी दर आठवड्याला ठरलेली रक्कम एका विश्वासू बाईपाशी द्यायची, चिठ्ठ्या टाकून पाळी ठरवायची, आणि पाळीप्रमाणे एकीने सारी रक्कम उचलायची. श्रोतेहो, ही आपली भिशी! कोणी कोणाकडून शिकले नाही. अपुरी मजुरी जेथे जेथे असते तेथे तेथे बायका ती युक्ती शोधून काढतात.

दुकानदाराच्या वहीत दयाही असते आणि सत्ताही असते. स्कॉटलंडच्या मजुरांनी ही सत्ता तिच्या उग्र रूपातही पाहिली होती. कोळशाच्या व लोखंडाच्या खाणींच्या गावांत दुकान मालकाचेच असे. पगार दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने होई. मध्यंतरी उचल मागितली तर ती मिळे, पण त्या दुकानात खर्च करण्याच्या बोलीवर. १८३१ च्या कायद्याने मजुरी रोख देण्याचे बंधन घातले होते, तरीही १८७१ च्या सरकारी चौकशीत स्कॉटलंडमधील हे प्रकार चव्हाट्यावर आले. याउलट उदाहरण न्यू लॅनार्कचे. तेथील सूतगिरणीची व्यवस्था १८०० साली रॉबर्ट ओवेन यांच्याकडे आली. त्यांनी गावच्या दुकानात घाऊक भावाने चांगला माल आणून स्वस्त विकला आणि दुकानाचा नफा मुलांच्या शाळेकडे वळवला. हेतू उदार होता, पण दुकान मालकाचेच राहिले. गिऱ्हाइकानेच मालक व्हावे, ही पुढची पायरी मजुरांना स्वतः चढावी लागली.

तिची सुरुवातही स्कॉटलंडातच एका लहान खेड्यात झालेली दिसते. एअरशरमधील फेनिक येथील विणकरांनी १७६१ साली आपली मंडळी स्थापिली आणि १७६९ साली ओटचे पीठ एकत्र विकत घेऊन सभासदांना स्वस्त वाटण्यास प्रारंभ केला. इंग्लंडात रॉचडेलच्या मंडळींनी १८४४ साली खरेदीच्या प्रमाणात नफा वाटण्याची पद्धत रूढ केली, आणि ती स्कॉटलंडभर पसरली. १८६८ साली स्कॉटिश सहकारी दुकानांची घाऊक खरेदीची संस्था ग्लासगोत स्थापन झाली. १८८७ पासून शील्डहॉल येथे तिने बूट, फर्निचर, मुरंबा असे नाना कारखाने उभारले. मजुराच्या पायातला बूट मजुरांच्याच कारखान्यात शिवला जाऊ लागला.

डंडीकर आपल्या सहकारी दुकानाला लाडाने ‘सोश’ म्हणत. सोसायटीचे ते लघुरूप. सोशमध्ये सामान घेताना मुलाला घरचा सभासद-क्रमांक सांगावा लागे, आणि तो चुकला तर घरी खैर नसे, कारण त्या क्रमांकावर खरेदी जमा होऊन पुढे लाभांश, म्हणजे ‘डिव्ही’, मिळायचा. चांगल्या वर्षी स्कॉटलंडमधील पुष्कळ सोसायट्या पौंडामागे दोन शिलिंग किंवा त्याहून अधिक देत. म्हणजे खर्चाचा दहावा हिस्सा परत. मुलांचे शाळेचे बूट त्यातून येत. ऐंशी वर्षांची माणसे नातवंडांची जन्मतारीख विसरतात, पण आईचा डिव्ही-क्रमांक घडाघडा म्हणून दाखवतात. या क्रमांकाची आठवण आम्हांला बरणीच्या आठवणीहून मोलाची वाटते. बरणीपुढे मूल गिऱ्हाईक होते. क्रमांक सांगताना ते, नकळत का होईना, दुकानाच्या मालकांपैकी एक होते.

परंतु सोशचीही एक मर्यादा होती. तिचे मूळ तत्त्व रोखीचे. ज्या घरी बुधवारी पैसे संपत त्या घराला ते तत्त्व परवडत नसे. ते घर कोपऱ्यावरच्या वहीकडेच परते. सर्वांत गरिबाला सर्वांत महाग दुकानात जावे लागते, हा नियम सहकारालाही पुरता मोडता आला नाही. तिकडे खासगी साखळी-दुकानेही वाढत होती. १८६८ साली डंडीतच सुरू झालेली विल्यम लो यांची किराणा दुकाने पुढे साऱ्या स्कॉटलंडभर पोहोचली.

एक दुकान अजून राहिले, आणि मुलांचे ते सर्वांत आवडते : इटालियन माणसाचे आइसक्रीमचे दुकान. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इटलीच्या बार्गा, पिचिनिस्को अशा डोंगराळ गावांतून माणसे येऊन स्कॉटलंडभर आइसक्रीम व तळलेले मासे विकू लागली. रविवारीही त्यांची दारे उघडी असत. धर्मनिष्ठ मंडळींना ते खपत नसे, तरुणांना मात्र तेवढाच आसरा. १० जून १९४० रोजी इटली युद्धात उतरली आणि त्याच रात्री एडिंबरा, ग्लासगो येथे जमावांनी इटालियनांची दुकाने फोडली. पुरुषांना धरून स्थानबद्ध करण्यात आले. त्यांच्यापैकी अनेकांना कॅनडाकडे नेणारे ‘अरांडोरा स्टार’ हे जहाज २ जुलै १९४० रोजी जर्मन पाणबुडीने बुडवले. चारशेहून अधिक इटालियन त्यात गेले. पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा असलेला दुकानदार एका रात्रीत परका ठरला. ‘पूर्वी सारी गल्ली एका कुटुंबासारखी होती’ असे आठवणींत म्हटले जाते तेव्हा ती रात्रही आठवावी लागते. पुढे पन्नास-साठच्या दशकांपासून पंजाबातून आलेल्या भारतीय व पाकिस्तानी कुटुंबांनी स्कॉटलंडमध्ये कोपऱ्यावरची दुकाने घेतली आणि रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवली. आजच्या मध्यमवयीन स्कॉटिश माणसाच्या बालपणीच्या दुकानात तो दुकानदार आहे.

ही दुकाने गेली कशी? काही रस्ते शहर-सुधारणेत गेले. डंडीतील गजबजलेला जुना ओव्हरगेट १९६० च्या दशकात पाडण्यात आला. स्कॉटिश सहकारी घाऊक संस्था १९७३ मध्ये इंग्लिश संस्थेत विलीन झाली. लो यांची दुकाने १९९४ मध्ये टेस्को कंपनीने घेतली. पण मूळ कारण गिरणी. कॅम्परडाउन वर्क्स १९८१ मध्ये बंद झाली, आणि १९९८ साली कच्च्या तागाचे शेवटचे जहाज डंडी बंदराला लागले. फाटकातून हजारो माणसे एका वेळी बाहेर पडायची थांबली की फळीवरचा दिवा किती दिवस जळणार?

डंडीची गिरणी का बुडाली, याचे उत्तर देताना तेथील पुष्कळ जण कलकत्त्याकडे बोट दाखवत, आणि ते खोटे नव्हते. १८५५ साली रिश्रा येथे बंगालमधील पहिली ताग गिरणी निघाली. एकोणिसावे शतक संपेतो कलकत्त्याने डंडीला मागे टाकले. तेथील व्यवस्थापक बव्हंशी डंडीकडचेच, मजूर मात्र बंगाल-बिहार-ओरिसाचे. डंडीच्या ताग कामगार संघटनेचे सचिव जॉन साइम आणि डंडीचे खासदार टॉम जॉन्स्टन १९२५ साली हिंदुस्थानात आले आणि त्या मजुरांची स्थिती पाहून गेले. परत जाऊन त्यांनी जो अहवाल दिला त्यात हिंदी मजुराला दोष दिला नाही. गिरण्यांचा प्रचंड नफा आणि त्याच्या शेजारी ती तुटपुंजी मजुरी, यांवर बोट ठेवले. कामगार चळवळीच्या इतिहासात हा अहवाल आम्हांस फार मोठा वाटतो. लॉखीची कातणारी आणि हुगळीकाठचा मागवाला एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना होते, हे त्यांनी आपल्या माणसांना सांगितले.

आठवणी खोट्या असतात, असे आमचे म्हणणे नाही. आंबट गोळीची चव खरी आहे, आणि गरजेच्या आठवड्यात वही पुढे ओढून ‘असू दे, शनिवारी बघू’ म्हणणारा दुकानदारही खरा आहे. १९८२ च्या गिरणी संपात अशा माणसांनी मुंबईत किती घरे जगवली आणि त्यांतील किती जण स्वतः बुडाले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्या दुकानदाराचा इतिहास अजून लिहायचा आहे. पण जुन्या दुकानाचे गुणगान करताना मजुरी किती होती, उधारी किती होती आणि आई घरी किती वाजता येत होती, एवढे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. हे प्रश्न वगळले की दारिद्र्यच गोड वाटू लागते, आणि मग आजच्या कामगाराला ‘तुमचे आईबाप बघा थोडक्यात कसे सुखी होते’ असे ऐकवण्याची सोय होते.

डंडीकरांनी आपल्या म्हाताऱ्यांना विचारले, म्हणून हजारो मैलांवर बसून आपण आज त्यांच्याविषयी बोलू शकलो. या सभेत साठी ओलांडलेली पुष्कळ मंडळी आहेत. आपल्या पेठेत कोणाचे दुकान कोठे होते, शेरभर तांदूळ काय भावाने मिळे, वही कोणाच्या नावावर होती, हे आपल्याला पाठ आहे. घरातल्या मुलाच्या हाती कागद द्यावा आणि ते सांगावे. चव सांगावी, आणि तिच्याबरोबर भावही सांगावा.